नर्स अनेस्थेशियाची सरकारी ग्रँट: अर्ज लिहायच्या आधी पत्ते जमवा

"ताई, सीआरएनएच्या कोर्सला सरकारची ग्रँट मिळते म्हणे. फॉर्म कुठे भरायचा?" अमेरिकेतल्या कुठल्या ना कुठल्या आयसीयूतून, नाइट ड्यूटी उरकून घरी जाताना, मराठी मुलींचे असे फोन मला येत असतात. (सीआरएनए म्हणजे भूल देण्याचं खास शिक्षण घेतलेली नर्स.) माझं उत्तर ठरलेलं आहे. अगं, फॉर्म तू भरायचाच नाहीस. तो कॉलेज भरतं, पैसे कॉलेजच्या खात्यात जमा होतात आणि तिथून मुलांना वाटले जातात. तुझं काम वेगळं आहे, आणि ते अ‍ॅडमिशनच्या आधी सुरू होतं.

मी स्वतः भूल देते आणि एका नर्स अनेस्थेशिया प्रोग्रॅममध्ये शिकवते. दर फेरीला हा अर्ज तयार करायचं काम माझ्याकडे असतं. म्हणून दोन्ही बाजू सांगते: शिकायला निघालेल्या मुलीने काय विचारायचं, आणि प्रोग्रॅममध्ये ज्याच्या गळ्यात हे काम पडलंय त्याने काय करायचं. दुसऱ्या बाजूवर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण तिथे हयगय झाली तर पहिल्या बाजूच्या हाती काही लागत नाही.

ग्रँट कोणती?

नाव आहे नर्स अनेस्थेटिस्ट ट्रेनीशिप. आम्ही सगळे नुसतं 'नॅट' म्हणतो. देणारी संस्था हर्सा, म्हणजे अमेरिकेच्या आरोग्य खात्याची हेल्थ रिसोर्सेस अँड सर्व्हिसेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन. तिचा आधार पब्लिक हेल्थ सर्व्हिस अ‍ॅक्टच्या आठव्या भागात, कलम ८११ मध्ये आहे. नर्सिंग शिक्षणाला केंद्र सरकार जो पैसा देतं त्यातला बराचसा याच आठव्या भागातून येतो आणि त्याचं मूळ १९६४च्या नर्स ट्रेनिंग अ‍ॅक्टमध्ये आहे. ग्रँट्स डॉट गव्हवर शोधताना नावाने शोधू नका, शंभर भलत्याच गोष्टी समोर येतात. ९३.१२४ हा लिस्टिंग नंबर टाका.

हा पैसा कोर्स करणाऱ्या रजिस्टर्ड नर्सच्या फीसाठी, पुस्तकांसाठी आणि राहण्या-जेवणाच्या वाजवी खर्चासाठी असतो. विद्यार्थी फुल टाइम हवा. कार्यक्रमाला कौन्सिल ऑन अ‍ॅक्रेडिटेशन ऑफ नर्स अनेस्थेशिया एज्युकेशनल प्रोग्रॅम्स, म्हणजे सीओएची मान्यता हवी. नवं सिम्युलेटर घ्यायचंय, एक प्राध्यापक वाढवायचाय, असल्या स्वप्नांसाठी दुसरं दार ठोठवा.

आपल्या मुलींसाठी सगळ्यात महत्त्वाची अट नागरिकत्वाची आहे. अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असाल तरच ट्रेनीशिप मिळते. एफ-१, एच-४ किंवा एच-१बीवर असाल तर मिळत नाही. तिथे वाद घालण्यात अर्थ नाही, कॉलेजच्या हातात काही नसतं. मात्र ग्रीन कार्डाची फाइल शेवटच्या टप्प्यात असेल तर ते प्रोग्रॅमच्या ऑफिसात सांगून ठेवा. कोर्स तीन वर्षांचा असतो आणि दुसऱ्या वर्षी कार्ड हातात आलं तर त्या वर्षीच्या वाटपात तुमचं नाव धरता येतं.

एकाच वेळी केंद्र सरकारची दुसरी फेलोशिप किंवा ट्रेनीशिप घेता येत नाही. सरकारी शैक्षणिक कर्ज आणि माजी सैनिकांचं जीआय बिल मात्र यात मोडत नाही, ते चालतं.

पैशाची गरज आताच का वाढली?

पूर्वी मास्टर्स करून सीआरएनए होता येत होतं. १ जानेवारी २०२२ पासून सीओएने प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला डॉक्टरेट सक्तीची केली, मग ती डीएनपी असो की डीएनएपी. कोर्स किमान ३६ महिन्यांचा झाला. त्यात कमीत कमी ६०० केसेस आणि २००० क्लिनिकल तास पुरे करायचे असतात. ओटीत पहाटे पोचून मशीन तपासायचं, दिवसभर केसेस, रात्री उद्याच्या पेशंटचं वाचन. अशा वेळापत्रकात आयसीयूची नोकरी चालू ठेवणं जवळपास कुणालाच जमत नाही. म्हणजे तीन वर्षं फी जाते ती जातेच, वर चांगला पगारही बंद.

दुसरं कारण कर्जाचं. २०२५च्या जुलैत झालेल्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस कर्ज बंद केलं. आधी कोर्सचा पूर्ण खर्च निघेल इतकं कर्ज त्यातून मिळायचं. नव्या नियमात पदव्युत्तर विद्यार्थ्याला वर्षाला २०,५०० डॉलर आणि एकूण एक लाख डॉलर ही मर्यादा आहे. 'प्रोफेशनल' पदव्यांना वर्षाला ५०,००० आणि एकूण दोन लाख. शिक्षण खात्याने २०२५ मध्ये या प्रोफेशनल पदव्यांची जी व्याख्या पुढे केली, तिच्यात नर्सिंग नव्हतं. तीन वर्षं भूलशास्त्र शिकून, रात्री तीन वाजता एकटीने एअरवे सांभाळणारी बाई प्रोफेशनल नाही, हे ज्यांना सुचलं त्यांच्यावर कधी शस्त्रक्रिया झाली नसावी. असो. मुद्दा एवढाच की आता फुकटच्या प्रत्येक डॉलरला किंमत आली आहे.

एक मात्र आधीच सांगते. नॅटचा वाटा फीच्या मानाने लहान असतो. पूर्ण फी यातून निघेल या हिशोबाने कुणी नोकरी सोडू नये. शिवाय काँग्रेस दरवर्षी किती रक्कम मंजूर करते त्यावर सगळं अवलंबून असतं. केंद्र सरकारचं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, बजेट वेळेत मंजूर होत नाही, आणि त्या लोंबकळण्यात नोफो, म्हणजे अर्ज मागवणारी सूचनाही मागेपुढे होते.

शिकणारीने काय विचारायचं?

इंटरव्ह्यूला गेलात की शेवटी "तुमचे काही प्रश्न?" असं विचारतातच. तेव्हा लाजू नका. "तुमच्याकडे हर्साची नर्स अनेस्थेटिस्ट ट्रेनीशिप आहे का? सध्याच्या वर्षाची मिळाली आहे का? कुठल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना वाटता आणि कशाच्या आधारावर?" एवढं नीट विचारा. 'आहे' म्हणाले तर खूण करून ठेवा. 'माहीत नाही, फायनान्शियल एडला विचारा' म्हणाले तर फायनान्शियल एडला जरूर विचारा, पण तिथल्या माणसाला हे नाव ठाऊक नसलं तर नवल वाटून घेऊ नका. मोठ्या विद्यापीठात ही ग्रँट नर्सिंगच्या किंवा हेल्थ सायन्सेसच्या एखाद्या कोपऱ्यातल्या ऑफिसात असते. प्रोग्रॅम डायरेक्टरलाच गाठलेलं बरं.

वाटपाची पद्धत प्रत्येक कॉलेज आपल्यापुरती लेखी ठरवतं. कुणी सगळ्या पात्र विद्यार्थ्यांना सारखं देतं, कुणी शेवटच्या वर्षाला जास्त, कुणी ग्रामीण भागात जायची तयारी असलेल्यांना आधी. ते धोरण मागून घ्या, वाचा.

पैसे मिळाले की टॅक्सचं बघा. हे कुणी सांगत नाही आणि एप्रिलमध्ये धक्का बसतो. पदवीच्या कोर्सची फी आणि सक्तीची पुस्तकं यांवर खर्च झालेली रक्कम करमुक्त असते. घरभाडं, जेवणखाण, येणं-जाणं यासाठी मिळालेला स्टायपेंड करपात्र असतो. कॉलेज त्यातून बहुधा काही कापत नाही, डब्ल्यू-२, म्हणजे पगाराचा आणि कापलेल्या कराचा कागद, पण देत नाही. तेव्हा १०४०-ईएस हा फॉर्म वापरून दर तिमाहीला अंदाजे कर भरायचा की नाही ते आधीच तपासा. नवरा पगारदार असेल तर त्याच्या पगारातून जास्त कापून घेणं सोपं पडतं.

आता अर्ज करणाऱ्यांकडे वळते

नव्याने हे काम अंगावर आलेले लोक पहिली चूक करतात ती अशी की लेख लिहायला बसतात. आमच्या प्रोग्रॅमची उज्ज्वल परंपरा, आमची दृष्टी, आमचं ध्येय. नॅट हा तसला ग्रँट नाही. यात वाटप सूत्राने होतं. किती विद्यार्थी शिकतायत, किती पास झाले, पास झालेले कुठे काम करतात, या आकड्यांवर तुमची रक्कम निघते. रेशनच्या दुकानात कार्ड बरोबर असलं की वाटा मिळतो, दुकानदाराशी किती गोड बोललात याचा काही संबंध नसतो, तसंच हे. मजकूर स्वच्छ आणि थोडक्यात लिहा, आणि उरलेली सगळी ताकद तक्त्यांवर लावा.

त्यातही खरं सोनं एका तक्त्यात आहे: पास झालेले विद्यार्थी कुठे काम करतात. कायद्यात दोन सवलती आहेत. एक प्राधान्य, जे ग्रामीण किंवा आरोग्यसेवा अपुरी असलेल्या लोकसंख्येला ठोस फायदा करून देणाऱ्या किंवा राज्याच्या-स्थानिक आरोग्य खात्यांची गरज भागवणाऱ्या प्रोग्रॅमला मिळतं. दुसरा विशेष विचार, जो आरोग्यसेवकांची टंचाई म्हणून जाहीर झालेल्या भागात, म्हणजे हिप्सात काम करणाऱ्या नर्सेस तयार करणाऱ्यांना मिळतो. दोन्ही सिद्ध करायचा रस्ता एकच. पदवीधरांचे कामाचे पत्ते.

आमच्याकडे यासाठी एक साधी एक्सेल शीट आहे आणि ती बारा महिने उघडी असते. रकाने असे: नाव, पास झाल्याची तारीख, एनपीआय नंबर (आरोग्यसेवा देणाऱ्या प्रत्येकाला मिळणारा सरकारी ओळख क्रमांक), पगार देणारी संस्था, भूल देते ती इमारत आणि तिचा पूर्ण पत्ता, ग्रामीण आहे का, हिप्सा आहे का, कुठल्या प्रकारचा, तपासल्याची तारीख, आणि शेवटी हे कुणी तपासलं. पगार देणारी संस्था आणि काम करायची इमारत हे दोन रकाने मी मुद्दाम वेगळे ठेवते. का ते उदाहरणाने सांगते.

समजा गेल्या वर्षी पास झालेली एक मुलगी एका अनेस्थेशिया ग्रुपमध्ये लागली. ग्रुपचं ऑफिस शिकागोच्या मध्यात, काचेच्या बिल्डिंगमध्ये. सर्व्हेत तिने तोच पत्ता लिहिला, कारण ऑफर लेटरवर तोच होता. तो पत्ता टाकून तपासलं की ग्रामीण नाही असं येतं आणि तुमचा एक आकडा गेला. प्रत्यक्षात ती आठवड्यातले चार दिवस आयोवातल्या एका आडगावच्या, २५ खाटांच्या क्रिटिकल अ‍ॅक्सेस हॉस्पिटलात काम करते. तिथे भूल देणारं दुसरं कुणी नाही, सिझेरियन असलं की तिलाच बोलावतात. भूल देणाऱ्या नर्सवर डॉक्टरची देखरेख हवी, या मेडिकेअरच्या नियमातून २००१ मध्ये बाहेर पडलेलं आयोवा हे पहिलं राज्य. तिथल्या छोट्या हॉस्पिटलांचा गाडा सीआरएनएच ओढतात. ज्या मुलीसाठी हे प्राधान्य केलं गेलं ती हीच, आणि कागदावर ती शिकागोची दिसते.

म्हणून विचारताना "कुठे काम करतेस?" असं विचारू नका. लोक शहराचं नाव सांगतात. "भूल कुठल्या इमारतीत देतेस? रस्त्याचा नंबर आणि झिपसकट पाठव. दोन ठिकाणी जात असशील तर दोन्ही आणि कुठे जास्त वेळ जातो तेही लिही" असं विचारा. मी तर हा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवते, कारण सर्व्हेच्या लिंकला नवी नोकरी लागलेली माणसं हात लावत नाहीत. आणि पदवीदान समारंभाच्या आधीच सगळ्यांचे खाजगी ईमेल आणि मोबाइल घेऊन ठेवा. कॉलेजचा ईमेल काही दिवसांनी बंद होतो आणि मग माणूस हरवतो. ज्याचा पत्ता सापडला नाही तो खेड्यात राबत असला तरी तुमच्या बाजूने मोजता येत नाही.

हरवलेल्यांना शोधायला एनपीआय नंबर कामी येतो. दहा आकडी असतो आणि जन्मभर बदलत नाही. सरकारची एनपीआय रजिस्ट्री सगळ्यांना खुली आहे, नंबर टाकला की कामाचा पत्ता दिसतो. नोकरी बदलली की ३० दिवसांत तो बदलायचा असा नियम आहे, पण नियम कितीजण पाळतात ते तुम्हाला माहीत आहेच. कित्येकांच्या नावासमोर विद्यार्थी असतानाचा आमच्याच कॉलेजचा पत्ता दिसतो. तेव्हा रजिस्ट्री हा धागा समजा, पुरावा नव्हे. तिथून हॉस्पिटलचं नाव काढा आणि फोन करा.

पत्ता हातात आला की तपासणी. हर्साच्या डेटा साइटवर पत्ता टाकून टंचाईचा भाग शोधायची सोय आहे. हिप्साचे तीन प्रकार आहेत: प्राथमिक आरोग्यसेवा, दंत आणि मानसिक आरोग्य. भूलसेवेचा वेगळा हिप्सा नसतो. गावात फॅमिली डॉक्टर किती यावरून ठरलेल्या यादीवर आमच्या ग्रँटचा विशेष विचार उभा आहे, हे मला आजही गमतीशीर वाटतं, पण कायदा तसा आहे. उत्तर 'हो' आलं म्हणून लगेच टिक करू नका. कुठल्या प्रकारात 'हो' आलं ते बघा, शेजारचा दर्जा वाचा. काही भाग 'काढून घेण्याचा प्रस्ताव' या अवस्थेत असतात, काही काढलेले असतात. नोफोमध्ये कुठल्या व्याख्या लावल्यात त्या आधी वाचा, मग टिक करा. आणि पान तारखेसकट पीडीएफ करून ठेवा, कारण यादी बदलते आणि दोन वर्षांनी कुणी विचारलं तर तुमच्याकडे त्या दिवसाचं चित्र हवं.

'ग्रामीण'चंही तसंच. नकाशाकडे बघून अंदाज बांधू नका. हर्साच्या लेखी मेट्रो, म्हणजे मोठ्या शहराच्या पट्ट्यात, नसलेल्या सगळ्या काउंट्या ग्रामीण असतात, पण मेट्रो काउंटीतले काही सेन्सस ट्रॅक्टही (जनगणनेचे छोटे विभाग) ग्रामीण धरले जातात, त्यांच्या रुका कोडवरून, म्हणजे लोक कामासाठी शहराकडे किती जातात यावरून दिलेल्या आकड्यावरून. कॅलिफोर्नियातली सॅन बर्नार्डिनो काउंटी घ्या. एका टोकाला लॉस एंजेलिसला चिकटलेली गजबज, दुसऱ्या टोकाला वाळवंट, पण काउंटी एकच आणि ती मेट्रो. काउंटीच्या नावावरून ठरवणारा वाळवंटातल्या हॉस्पिटलावर फुली मारून मोकळा होतो. पत्ता टाकून बघणारं साधन हर्साच्या साइटवर आहे, ते वापरा. एकेका पत्त्याला दोन मिनिटं लागतात.

विद्यार्थी मोजताना मात्र हात आखडता ठेवा. रजेवर गेलेला, पार्ट टाइम झालेला, कोर्स सोडून गेलेला, यातलं कुणी फुल टाइमच्या रकान्यात घुसता कामा नये. नोफो ज्या तारखांच्या मधला आकडा मागतो तोच आकडा रजिस्ट्रारकडून लेखी घ्या. प्रोग्रॅमच्या सेक्रेटरीच्या यादीत आणि रजिस्ट्रारच्या यादीत एक-दोन नावांचा फरक नेहमी निघतो. निघाला की त्या एक-दोन नावांचा छडा लावूनच पुढे जा.

सीओएचं मान्यतापत्रही आधी उघडून बघा. पत्रातली पुढच्या तपासणीची तारीख उलटून गेली असेल तर नवं पत्र मागवा. पात्रतेचा पुरावा जोडला नसेल तर बाकीचा अर्ज कितीही चांगला असो, बाजूला पडतो.

पोर्टलांची कटकट

सॅम डॉट गव्ह या केंद्र सरकारच्या नोंदणी साइटवर विद्यापीठाची नोंदणी चालू हवी. तिथून यूईआय हा संस्थेचा बारा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक मिळतो. एप्रिल २०२२ पासून जुन्या डन्स नंबरच्या जागी तो आला. नोंदणी दरवर्षी नव्याने करावी लागते, आणि आपोआप कुणी करत नाही. नोफो निघायच्या आधीच ग्रँट ऑफिसला विचारून घ्या की मुदत कधी संपते. विद्यापीठाचं कायदेशीर नाव आयआरएस, म्हणजे कर खात्याकडे आणि सॅमवर अक्षर न अक्षर जुळलं पाहिजे. 'युनिव्हर्सिटी' आणि 'द युनिव्हर्सिटी' एवढ्या फरकावर माणसं आठवडे घालवतात.

अर्ज ग्रँट्स डॉट गव्हच्या वर्कस्पेसमध्ये भरतात. एसएफ-४२४ हा मुख्य फॉर्म आणि जोडण्या चढवतात, पण शेवटचं बटण दाबायचा अधिकार तुमचा नसतो. तो विद्यापीठाने नेमलेल्या प्रतिनिधीचा. ती व्यक्ती शेवटच्या आठवड्यात सुट्टीवर नाही ना, हे कॅलेंडरमध्ये बघून घ्या. फाइलच्या नावात अँडचं चिन्ह, हॅश, मराठी अक्षरं असलं काही नको. नाव छोटं, साधं, इंग्रजी अक्षरांत. पानांची मर्यादा ओलांडू नका. डेडलाइन ईस्टर्न टाइमने रात्री ११:५९ असते, कॅलिफोर्नियातल्यांनी तीन तास आधीचं घड्याळ लावावं. हर्सा स्वतःच तीन दिवस आधी पाठवा म्हणते. ते खरोखर ऐका, कारण पाठवल्यावर आधी 'मिळाला' असं ईमेल येतं आणि नंतर 'तपासून पास' किंवा 'नाकारला' असं. 'मिळाला' एवढ्यावर पेढे वाटू नका.

मंजूर झालं की नोटिस ऑफ अवॉर्ड येते. तिच्या शेवटच्या पानांवरच्या अटी वाचायचं काम एका माणसावर सोपवा. ट्रेनी म्हणून निवडलेल्या प्रत्येकाची पात्रता, नागरिकत्वाचा कागद, फुल टाइम असल्याचा दाखला आणि दिलेली रक्कम एकेका फोल्डरमध्ये ठेवा. पुढे दरवर्षी कामगिरीचा अहवाल द्यावा लागतो. त्यात ट्रेनींचे एनपीआय आणि पास झाल्यावर वर्षभराने ते कुठे आहेत हेही विचारतात. इथे ती एक्सेल शीट पुन्हा कामाला येते. आर्थिक अहवाल एसएफ-४२५ वर. शेवटचा आर्थिक अहवाल दिल्यापासून तीन वर्षं सगळी कागदपत्रं जपून ठेवायची.

वर्ष संपत आलं आणि पैसे उरले, असं घडतं. एखादा विद्यार्थी कोर्स सोडतो, एखाद्याला दुसरी फेलोशिप मिळते. दर तिमाहीला शिल्लक बघत राहिलात तर ते पैसे वेळेत दुसऱ्या पात्र विद्यार्थ्याला देता येतात. नाही बघितलंत तर ते परत जातात आणि कुणाचं तरी भाडं थकतं.

नॅटने भागलं नाही तर

कर्ज झालंच असेल तर नर्स कोअरची लोन रिपेमेंट योजना बघा. तिच्यात सीआरएनए धरल्या जातात. गंभीर टंचाई असलेल्या ठिकाणी दोन वर्षं काम केलं की नर्सिंगच्या कर्जाचा ६० टक्के भाग सरकार फेडतं, तिसऱ्या वर्षी आणखी २५ टक्के. हा अर्ज मात्र तुम्ही स्वतः करायचा असतो आणि ग्रीन कार्ड चालतं. त्या रकमेवर कर लागतो, हे लक्षात ठेवा. नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोअरच्या ग्रामीण योजनेतही सीआरएनए येतात, मान्यताप्राप्त जागी तीन वर्षांसाठी एक लाख डॉलरपर्यंत. पण ती व्यसनमुक्तीच्या उपचारांशी जोडलेल्या ग्रामीण केंद्रांसाठी आहे. नोकरीच्या जागेला मान्यता आहे का ते ऑफर स्वीकारायच्या आधी बघा.

शिकवायची आवड असेल तर नर्स फॅकल्टी लोन प्रोग्रॅम. यात कॉलेज हर्साच्या पैशातून कर्ज देतं आणि पास झाल्यावर चार वर्षं फुल टाइम शिकवलं की ८५ टक्क्यांपर्यंत माफ होतं: पहिली तीन वर्षं २० टक्के, चौथ्या वर्षी २५. आपल्याकडच्या मुली शिकवण्यात चांगल्या असतात, पण पगार ओटीपेक्षा कमी म्हणून नाक मुरडतात. माफ होणारं कर्ज पगारात धरून हिशोब केलात तर फरक बराच कमी होतो.

आणि सैन्य. आर्मीचा सॅन अँटोनियोतल्या फोर्ट सॅम ह्यूस्टनचा भूलशास्त्राचा कोर्स आहे, डॉक्टरेट बेलर विद्यापीठाची मिळते. फी नाही, वर शिकताना अधिकाऱ्याचा पगार चालू. बदल्यात काही वर्षांची सेवा, जिथे पाठवतील तिथे. इथे ग्रीन कार्ड पुरत नाही, नागरिकत्व लागतं. घरात लहान मूल असेल तर नवऱ्याशी बोलून मगच रिक्रूटरला फोन लावा, कारण रिक्रूटर फार गोड बोलतात आणि सेवेची वर्षं कराराच्या शेवटच्या पानावर असतात.